ऑपरेशनची तारीख देतानाच एचबी पाहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई



आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या केसपेपरवर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एक ओळ वारंवार लिहिली जाते : ‘एचबी ७.८, दोन पिशव्या रक्ताची सोय करणे’. (एचबी म्हणजे हिमोग्लोबिन.) ऑपरेशनची तारीख महिनाभर आधी मिळालेली असते, रक्ताचा रिपोर्ट मात्र भरती झाल्यावर हातात येतो. मग नातेवाईक रक्तपेढीच्या खिडकीशी उभे राहतात, बदली रक्तदात्यासाठी गावाकडे फोन जातात, रात्री एक पिशवी आणि सकाळी दुसरी चढते. आकडा साडेनऊ-दहाच्या घरात आला की भूलतज्ज्ञ फिटनेस देतात आणि रुग्ण टेबलावर जातो. यात कोणी कामचुकारपणा केलेला नसतो. सर्जनने नियम पाळलेला असतो, भूलतज्ज्ञाने काळजी घेतलेली असते, घरच्यांनी धावपळ केलेली असते. तरीही रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर महिनाभराचा वेळ वाया गेलेला असतो आणि शेवटच्या रात्री त्याला त्याच्या आजारावरचा उपचार न देता एक तात्पुरती भरपाई दिलेली असते. ही पद्धत आपल्या विभागाच्या एका आदेशाने आणि सोसायटीच्या एका दुरुस्तीने बदलता येईल, म्हणून हे पत्र आपणा दोघांना लिहीत आहे.

आधी प्रश्नाचा आवाका. २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि २१.९ टक्के पुरुष रक्तक्षयाचे निघाले. त्याआधीच्या पाहणीत स्त्रियांचा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे मधल्या काळात तो वाढला. या पाहणीत बोटातून रक्त घेतात, त्यामुळे आकडे थोडे फुगतात असा आक्षेप जाणकार घेतात आणि तो विचार करण्यासारखा आहे. पण दहा-पंधरा टक्के वजा केले तरी शस्त्रक्रियेला येणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय ही नेहमीची गोष्ट ठरते. यावर ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ चालूच आहे असे उत्तर मिळेल. २०१८पासूनच्या या मोहिमेत सहा लाभार्थी गट आहेत : लहान मुले, शाळकरी मुले, किशोरवयीन, ४९ वर्षांपर्यंतच्या स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता. अंग बाहेर येते म्हणून ऑपरेशनला आलेली ५८ वर्षांची बाई यात कुठेच बसत नाही. गुडघा बदलायला आलेले पासष्टीचे गृहस्थ बसत नाहीत, आतड्याच्या कर्करोगाचा पन्नाशीतला शेतकरीही बसत नाही. शिवाय आठवड्याला एक गोळी हा प्रतिबंधाचा डोस आहे. एचबी साडेसातवर आलेल्या माणसाला त्याने चार आठवड्यांत उभे करता येत नाही. मोहीम आपल्या जागी योग्य आहे, पण शस्त्रक्रियेचा रुग्ण तिच्या हद्दीबाहेर राहिला आहे.

एचबी कमी असताना ऑपरेशन केले तर नेमके काय बिघडते, हे साध्या हिशेबाने कळते. ४५ किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त असते. गर्भपिशवी काढताना तिचे ६०० मिलिलिटर रक्त गेले तर एक पंचमांश रक्त गेले. जागा सलाइनने भरून निघते, पण लाल पेशी भरून निघत नाहीत. एचबी १२ असेल तर ते साडेनऊच्या पुढे थांबते आणि बाई दुसऱ्या दिवशी उठून बसते. ८ असेल तर ते साडेसहाखाली जाते. रक्तस्राव तेवढाच, सर्जनचा हात तोच, फरक फक्त सुरुवातीच्या शिलकीचा. ऐंशी किलोच्या पुरुषाच्या अंगात पाच लिटरच्या वर रक्त असते, त्याला हेच ६०० मिलिलिटर फारसे जाणवत नाहीत. म्हणूनच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या सहमतीपत्रात मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी स्त्री आणि पुरुष दोघांसाठी १३ हाच आकडा धरला आहे. बायकांना १२ चालते हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष एरवीच्या आयुष्यासाठी आहे. चाकूखाली जाताना मात्र लहान चणीच्या बाईला जास्त शिलकीची गरज असते, कमी नव्हे.

मोठ्या आकड्यांतही हे दिसते. ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली हृदयाखेरीज इतर मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या २,२७,४२५ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतले सुमारे ३० टक्के आधीपासून रक्तक्षयाचे होते. वय, मधुमेह, हृदयविकार वगैरे इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावरही या रुग्णांत तीस दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी जास्त आढळली, आणि सौम्य रक्तक्षयातही ती जवळपास तेवढीच होती. हा अभ्यास पाहणीवजा आहे. रक्तक्षयामुळेच माणसे दगावली असे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांना रक्तक्षय होता ते मुळातच अधिक आजारी असतील. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे.

आता त्या दहाच्या आकड्याविषयी. आपल्या वॉर्डांत त्याला कायद्याइतका मान आहे. त्याचा उगम १९४२ सालचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅडम्स आणि लंडी या डॉक्टरांनी भुलीच्या दृष्टीने जोखमीच्या रुग्णांविषयी लिहिताना शस्त्रक्रियेपूर्वी एचबी १० असावे, अशी शिफारस केली. ती अनुभवातून आलेली होती, त्यामागे कुठली चाचणी नव्हती. चाचण्या पुढे अर्धशतकाने झाल्या. १९९९ साली कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एचबी ७च्या खाली गेल्यावरच रक्त देणे आणि १०च्या खाली जाताच देणे अशी तुलना केली गेली. सढळ हाताने रक्त दिल्याचा फायदा दिसला नाही. २०११ साली खुब्याचे हाड मोडलेल्या आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या २,०१६ वृद्धांवर ८ आणि १० अशी तुलना झाली, तिथेही दोन महिन्यांनंतरच्या मृत्यूंत किंवा चालण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही. या चाचण्यांचा अर्थ नीट लावायला हवा. एचबी कमी असले तरी चालते, असे त्या सांगत नाहीत. बाहेरचे रक्त भरून आकडा वर नेल्याने रुग्णाची स्थिती सुधारत नाही, एवढेच त्या सांगतात. आपल्याकडे मात्र नेमका आकडाच वर नेला जातो. रक्तस्राव सुरू नसलेल्या, श्वास न लागणाऱ्या, छातीत न दुखणाऱ्या रुग्णाला केवळ ‘दहा करण्यासाठी’ दिलेल्या पिशवीला आज शास्त्राचा आधार उरलेला नाही.

पिशवीतून रुग्णाला काय मिळते हेही पाहू. त्याच ४५ किलोच्या बाईचे एचबी ८ आहे आणि ते १३ व्हायला हवे. लोहाची तूट काढायचे गँझोनी यांचे सूत्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते : वजन गुणिले एचबीतला फरक गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. आकडे घातले की उत्तर १,०४० मिलिग्रॅम येते. रक्ताच्या एका पिशवीत लोह असते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दोन पिशव्या चढवल्या तरी तूट निम्मीही भरत नाही. शिवाय ते लोह दात्याच्या पेशींत अडकलेले. त्या पेशी आयुष्य संपून मोडतील तेव्हा ते मोकळे होणार. ऑपरेशनमध्ये पुन्हा रक्त जाते, आणि बाई घरी येते ती नऊच्या आसपास एचबी आणि रिकामा लोहसाठा घेऊन. टाके सुकतात, पण महिना उलटला तरी पाणी भरताना धाप लागते. ‘ऑपरेशनने अंगातले त्राण गेले’ असे घरचे म्हणतात. खरे तर ते त्राण ऑपरेशनच्या आधीच गेलेले होते आणि ते परत मिळवून द्यायची संधी आपल्या व्यवस्थेच्या हातात चार आठवडे होती.

रक्त चढवून आकडा झाकला की आणखी एक नुकसान होते : कारण शोधायचे राहून जाते. रक्तक्षय हे लक्षण आहे. साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर एचबीशेजारी एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, छापलेला असतो आणि निम्मे निदान तिथेच होते. पेशी लहान असतील तर बहुधा लोहाची कमतरता. पण लाल पेशींची संख्या चांगली भरपूर असून आकार लहान असेल तर थॅलेसेमियाच्या वाहकाचा विचार करावा लागतो, आणि त्याला लोह देऊन उपयोग नसतो. विदर्भात किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे, कारण त्या रुग्णाची भुलीची आणि रक्ताची तयारी वेगळीच करावी लागते. पेशी मोठ्या असतील तर बहुधा बी-१२ची कमतरता. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत बी-१२ कमी आढळले होते. हे लोक आजारी म्हणून तपासलेले नव्हते. अशा माणसाला लोहाच्या गोळ्या महिनाभर देऊन एचबी हलत नाही आणि मग ‘गोळ्यांचा उपयोग नाही, रक्तच द्या’ असा निष्कर्ष निघतो. आणि साठीच्या पुरुषाला लोहाची कमतरता असेल, तर हर्नियाच्या ऑपरेशनला घेण्याआधी त्याच्या जठरा-आतड्यांतून रक्त जात नाही ना, हे पाहणे भाग आहे. आतड्याचा कर्करोग कित्येकदा एवढ्याच खुणेने स्वतःची वर्दी देतो. दोन पिशव्या चढवल्या की ती खूणही पुसली जाते.

उपचार महाग नाहीत, अवघडही नाहीत. त्यांना लागतो तो वेळ. पोटातून लोह दिल्यावर एचबी दोन-तीन आठवड्यांत साधारण एकाने वाढते, चांगल्या प्रतिसादात चार आठवड्यांत दोनने. त्यातही गोळी कशी घ्यायची हे कोणी सांगत नाही. जेवणानंतर लगेच गोळी आणि वर चहा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. चहातले टॅनिन लोह आतड्यातच अडवते. गोळीने मळमळते, शौचाला काळी होते, रुग्ण घाबरून पाकीट बाजूला ठेवतो. शौचाला काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे एक वाक्य औषधाच्या खिडकीवर कोणी बोलले तरी कितीतरी पाकिटे पूर्ण संपतील. गोळी दिवसातून तीनदा घेतल्याने फायदा तिप्पट होत नाही हेही आता कळले आहे. एका मात्रेनंतर यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि दिवसभर लोहाचे शोषण रोखून धरते. लोहसाठा रिकामा असलेल्या तरुण स्त्रियांवरील २०१७च्या अभ्यासात एकाआड एक दिवस दिलेल्या गोळीतून लोह जास्त प्रमाणात शोषले गेले. वेळ कमी असेल, गोळी सोसत नसेल किंवा एचबी फारच खाली असेल तर शिरेतून लोह देता येते. आयर्न सुक्रोज थोडेथोडे तीन-चार फेऱ्यांत द्यावे लागते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचे हजार मिलिग्रॅम एका बैठकीत पाव तासात जातात. शिरेतून दिले तरी अस्थिमज्जेला नव्या पेशी बनवायला दोन-तीन आठवडे हवेतच. थोडक्यात, कुठलाही मार्ग घ्या, तीन आठवड्यांची गरज टळत नाही.

आणि इथे गाडे अडते ते आपल्याच योजनेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाते, तेराशेहून अधिक उपचार तिच्यात आहेत, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. गरिबाला बायपास आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया परवडू लागली ती या योजनांमुळे. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये भरतीपूर्वीच्या फक्त तीन दिवसांचा तपासणी-औषधांचा खर्च धरला जातो. भरतीनंतरचे रक्त पॅकेजच्या छत्राखाली, तीन आठवड्यांपूर्वीचे लोहाचे इंजेक्शन छत्राबाहेर. रुग्णालयाने रुग्णाला लवकर बोलावून तपासले, लोह दिले, पुन्हा तपासले, तर त्याचा दावा कशाखाली लावायचा? त्यापेक्षा भरती करून पिशवी लावणे सोपे. डॉक्टरांना दोष देऊन हे सुटणार नाही. पैसा ज्या दिवसापासून मोजला जातो, त्या दिवसापासून उपचार सुरू होतात. सगळ्या जगात हेच आहे.

आता तो वजनदार आक्षेप : रक्तक्षय ही मूळ आजारपणाची नुसती खूण असेल, तर तो दूर करून फायदा काय? ब्रिटनमध्ये ४६ रुग्णालयांत झालेली ‘प्रिव्हेंट’ ही चाचणी २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. पोटाची मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या ४८७ रक्तक्षयी रुग्णांपैकी निम्म्यांना आधी शिरेतून लोह दिले, निम्म्यांना नुसते सलाइन. एचबी वाढले, पण रक्त द्यावे लागण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी भूलतज्ज्ञ विचारेल, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. त्या चाचणीचा तपशील मात्र आपल्या परिस्थितीशी ताडून पाहावा लागतो. तिथल्या बहुतेक रुग्णांचा रक्तक्षय सौम्य होता. त्यांना लोहाचीच कमतरता आहे का, हे पाहून निवडलेले नव्हते. दीर्घ आजारामुळे रक्त कमी झालेलेही त्यात होते. लोह आणि शस्त्रक्रिया यांत अंतर होते साधारण दोन आठवड्यांचे. आपल्याकडची जास्त पाळीमुळे एचबी सातवर आलेली, लोहाचा साठा कोरडा पडलेली चाळिशीची बाई हा निराळा रुग्ण आहे. ऑस्ट्रेलियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोहाची कमतरता ठरवून निवडलेल्या रुग्णांना पोटाच्या शस्त्रक्रियेआधी लोह दिल्यावर रक्त लागण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आत आले. पण त्या चाचणीत रुग्ण होते फक्त ७२ आणि ती मुदतीआधी थांबवली गेली, म्हणून तिच्यावर मी फार भार टाकणार नाही. ‘प्रिव्हेंट’मध्येही लोह मिळालेल्यांचे एचबी सहा महिन्यांनंतर चांगले होते आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण कमी होते. हा मूळ प्रश्न नव्हता, म्हणून तेही जपूनच घ्यायचे.

सगळा पुरावा समोर ठेवून मी जे मागतो आहे ते इतकेच : सरसकट सर्वांना लोह नको, तपासून ज्याला जे कमी आहे त्याला ते द्या. शस्त्रक्रियेपूर्वी लोह दिल्याने मृत्यू टळतात, असा दावा मी करत नाही. तेवढा पुरावा आज नाही. पण लोहाच्या कमतरतेचा रुग्ण समोर आला असताना त्याला लोह देणे हा त्याच्या आजारावरचा उपचार आहे आणि त्यासाठी ऑपरेशनचे निमित्तही लागू नये. उलट ‘दहा करण्यासाठी’ रक्त देण्याच्या बाजूने तर एवढाही पुरावा नाही. ज्या कसोटीवर लोह तोलले जाते, त्याच कसोटीवर पिशवीही तोलली गेली पाहिजे.

दुसरा आक्षेप थांबण्याचा. पाळीतून रक्त जाऊन जाऊनच एचबी पडले आहे, गर्भपिशवी काढल्याशिवाय ते थांबणार नाही, मग वाट कसली पाहायची, असे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात. पण रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड, संप्रेरकाच्या गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी तांबी यांनी पाळी आटोक्यात ठेवून त्याच काळात लोह देता येते. मग चांगल्या एचबीने ऑपरेशन होते. काही जणींना तर ऑपरेशनची गरजच उरत नाही. ज्या राज्याला २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रकरणी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, त्या राज्याला ही शक्यता परकी वाटू नये. कर्करोगाचे निराळे. तिथे एचबीसाठी शस्त्रक्रिया लांबवू नये, हे आदेशात स्पष्टच लिहावे. पण बायोप्सीपासून ऑपरेशनपर्यंत स्कॅन, ट्यूमर बोर्ड, तारीख यांत दोन-चार आठवडे जातातच आणि कित्येकांना आधी केमो द्यावी लागते. ते दिवस रिकामे का जावेत? तातडीची ऑपरेशने, मोडलेले खुबे, अडलेल्या बाळंतिणी यांना यातले काहीच लागू नाही. तिथे रक्तस्राव असेल तर रक्त हाच उपचार, आणि ते तेव्हा मिळावे म्हणून तर इतरत्र वाचवायचे. मोतीबिंदू, छोट्या गाठी अशा रक्त न जाणाऱ्या कामांनाही हे लावू नये. नाहीतर आदेश निघायचा एका हेतूने आणि एचबी ११ आले म्हणून म्हाताऱ्याचा मोतीबिंदू परत पाठवला जायचा. तेराचा आकडा तपासणी आणि उपचार सुरू करण्यासाठी आहे, ऑपरेशन थिएटरच्या दारावर पाटी म्हणून लावायला नाही.

तिसरा आक्षेप जमिनीवरचा आहे आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. रुग्ण एकदा घरी गेला की परत येत नाही. धडगावहून नाशिकला किंवा एटापल्लीहून नागपूरला आलेल्या माणसाला ‘तीन आठवड्यांनी या’ म्हणणे म्हणजे त्याची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा रोज, सगळे पुन्हा मागणे. म्हणून उपचार त्याच्याजवळ गेला पाहिजे. रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेण्याची सोय राज्यात आहे. शिरेतून लोह देणे ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यात आहे. गरोदर स्त्रियांना तिथे आयर्न सुक्रोज दिले जातेच, तीच खाट, तीच नर्स. अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते, तिच्यासाठी अ‍ॅड्रेनलिन हाताशी आणि अर्धा तास नजर एवढी तयारी लागते. मोठ्या रुग्णालयाने तारखेबरोबर एक चिठ्ठी द्यायची, तालुक्याच्या रुग्णालयाने ती मानायची. चिठ्ठी मानायची म्हणजे काय, हे मात्र आपल्यालाच लिहून द्यावे लागेल, कारण मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि छोटी आपल्याकडे आहेत, आणि या दोन विभागांमधली वाट रुग्णाला एकट्याने तुडवावी लागते.

खर्चाविषयी थोडक्यात. लाल पेशींच्या पिशवीला कमाल प्रक्रिया शुल्क १,५५० रुपये आहे, म्हणून ती स्वस्त दिसते. शिबिर, तपासण्या, शीतसाखळी, वाढलेले खाटेचे दिवस, दाता शोधताना बुडालेली मजुरी यांतले बरेचसे या आकड्यात येत नाही. मे महिन्यात कॉलेजे बंद होतात, शिबिरे थांबतात आणि रक्तपेढ्या आवाहने काढतात, हे दरवर्षीचे. त्याच दिवसांत टाळता येण्याजोग्या पिशव्या नियोजित ऑपरेशनसाठी जातात आणि थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील दारोदार फिरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २००८पासून चार मोठ्या रुग्णालयांत रुग्णाचे स्वतःचे रक्त जपण्याचा कार्यक्रम राबवला. सहा लाखांवर रुग्णांच्या नोंदींत सहा वर्षांत दर भरतीमागे रक्तघटकांचा वापर ४१ टक्क्यांनी घटला. मृत्यूही घटले, पण त्या काळात इतरही सुधारणा झाल्या असणार, म्हणून ते श्रेय मी पूर्ण देत नाही. रक्ताच्या बचतीबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. जागतिक आरोग्य परिषदेने २०१० साली अशा कार्यक्रमाचा ठराव केला, त्यालाही आता दीड दशक झाले.

तेव्हा मागणे असे. ज्या नियोजित शस्त्रक्रियेत अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे, तिची तारीख ज्या दिवशी दिली जाते त्याच दिवशी सीबीसी व्हावी, आणि एचबी १३च्या खाली असेल तर फेरिटिन (लोहसाठ्याचे माप), बी-१२ आणि गरजेप्रमाणे सिकलसेलची तपासणी त्याच नमुन्यातून व्हावी. रक्तस्राव नसलेल्या स्थिर रुग्णाला केवळ आकडा वाढवण्यासाठी रक्त देऊ नये. द्यावेच लागले तर एकेक पिशवी द्यावी आणि प्रत्येकीनंतर रुग्णाला पुन्हा पाहावे. ऑपरेशनच्या वेळी ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड द्यावे. ते स्वस्त आहे, आणि २०२२च्या साडेनऊ हजार रुग्णांच्या चाचणीत मोठा रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आला होता. घरी सोडताना लोहाची उरलेली तूट भरून द्यावी. आणि सोसायटीने रक्तक्षयाच्या तपासणी-उपचारासाठी शस्त्रक्रियेच्या पॅकेजला जोडलेले एक छोटे स्वतंत्र पॅकेज करावे, ज्यात भरतीपूर्वीच्या तीन दिवसांऐवजी तीस दिवस धरले जातील. केंद्राचा नियम आड येत असेल तर राज्याच्या निधीतून ते करता येईल. सुरुवात सर्व राज्यभर नको. गर्भपिशवीची शस्त्रक्रिया आणि सांधेबदल, या दोनच कामांवर, चार जिल्ह्यांत, वर्षभर करून पाहा. किती पिशव्या लागल्या, किती रुग्ण तारखेला परत आले, घरी जाताना एचबी किती होते, हे मोजा आणि चांगले-वाईट जे निघेल ते जाहीर करा.

पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागेल असे यात काही नाही. तारीख देण्याच्या दिवशी सीबीसी करण्याचा आदेश तर या आठवड्यातही निघू शकतो. तो काढावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक करदाता नागरिक